तिकीट बंद होते, कारण शिल्लक राहते : आयटी सपोर्टमधील पायऱ्यांची पार्श्वभूमी

हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यात सपोर्टचे काम करणाऱ्या कोणालाही कामाचे स्वरूप विचारले, तर उत्तराची सुरुवात बहुधा ‘मी एल-वनला आहे’ किंवा ‘एल-टूला आहे’ अशी होते. सर्व्हर, नेटवर्क, डेटाबेस हे नंतर येते. आधी येते ती पायरी : तक्रारीची नोंद, म्हणजे तिकीट, प्रथम हाताळते ती एल-वन, आणि तिथे न सुटलेले ज्यांच्याकडे जाते ती एल-टू. ही पद्धत पुण्यात जन्मलेली नाही.

१९८०च्या दशकात ब्रिटिश सरकारची खाती संगणकांवर वाढता खर्च करत होती आणि प्रत्येक खाते आपापल्या रीतीने ती यंत्रणा चालवत होते. तेथील केंद्रीय संगणक व दूरसंचार संस्थेने चांगल्या कार्यपद्धती गोळा करून १९८९ पासून पुस्तकरूपाने प्रसिद्ध करायला सुरुवात केली. तीसहून अधिक पुस्तकांचा हा संच म्हणजे आयटीआयएल, ज्याला आपण बोलताना आयटिल म्हणतो. २०००च्या सुमारास आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत इन्सिडेंट आणि प्रॉब्लेम यांच्या प्रक्रिया स्पष्टपणे वेगळ्या मांडल्या गेल्या : खंडित झालेली सेवा शक्य तितक्या लवकर पूर्ववत करणे हे इन्सिडेंटचे काम, आणि ती पुन्हा पुन्हा का खंडित होते याचे मूळ शोधणे हे प्रॉब्लेमचे. ही विभागणी मला आजही अतिशय शहाणपणाची वाटते, कारण ग्राहक खोळंबलेला असताना कारणमीमांसा करत बसणे कोणाच्याच हिताचे नसते.

याच सुमारास पुण्यातील कामाचे स्वरूप बदलत होते. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या केंद्रांत पुणे होते. पुढे वाय-टू-केच्या, म्हणजे २००० सालच्या तारखांमुळे संगणक अडखळू नयेत म्हणून केलेल्या, दुरुस्त्यांनी परदेशी ग्राहकांशी संबंध जुळले आणि त्यानंतर यंत्रणा दुरून सांभाळण्याची कंत्राटे वाढत गेली. २००५ मध्ये आयटी सेवांच्या व्यवस्थापनासाठी आयएसओ २०००० हे आंतरराष्ट्रीय मानकही आले. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा झालेले असतात. त्यामुळे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे सरकली, की इकडे शिफ्टची आणि कॅबची वेळही सरकते.

खरी गोम कंत्राटात होती. एसएलएमध्ये, म्हणजे सेवेच्या दर्जाविषयीच्या करारात, मोजला जातो तो वेळ : पी-वन, म्हणजे सर्वांत तातडीच्या, तिकिटाला किती मिनिटांत प्रतिसाद दिला, किती तासांत ते सोडवले. मूळ कारण शोधण्याला असे काटेकोर घड्याळ क्वचितच लावलेले असते. परिणामी, दोन प्रक्रियांमधली विभागणी हळूहळू दोन प्रकारच्या माणसांमधली विभागणी झाली. रात्रपाळीतल्या नव्या मुलांकडे इन्सिडेंट आले, तर प्रॉब्लेम वरच्या पायरीकडे किंवा थेट ग्राहकाच्या माणसांकडे राहिले.

मी ज्या टीममध्ये होतो तिथे दर सोमवारी पहाटे एक बॅच जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम, बंद पडत असे. डिस्क भरल्याचा अलर्ट येई, शिफ्टवर असलेला मुलगा रनबुक, म्हणजे ठरलेल्या उपायांची पुस्तिका, उघडून यंत्रणेच्या नोंदींच्या जुन्या लॉग फाइल काढून टाकी, जॉब पुन्हा सुरू करी आणि वीस मिनिटांत तिकीट बंद करी. डॅशबोर्ड हिरवा राही. रोस्टर बदलत असल्याने प्रत्येकाला ही घटना नवी वाटे. अखेर एल-वनच्या एका मुलीने शिफ्ट संपल्यावर थांबून जुनी तिकिटे शेजारी शेजारी लावून पाहिली. रविवारी रात्री चालणाऱ्या दुसऱ्याच एका जॉबचे डीबग लॉगिंग, म्हणजे तपासणीसाठीच्या सविस्तर नोंदी, कोणीतरी चालू ठेवून विसरले होते आणि त्यानेच डिस्क भरत होती. त्या वर्षीच्या तिच्या अप्रेझलमध्ये बंद केलेल्या तिकिटांची संख्या मोजली गेली. या शोधासाठी फॉर्ममध्ये रकानाच नव्हता.

बढतीचा मार्ग मग प्रमाणपत्रांकडे वळला यात नवल नाही, कारण ती मोजता येतात. आयटिल फाउंडेशनच्या परीक्षेत ६० मिनिटांत ४० प्रश्न सोडवायचे असतात आणि २६ बरोबर आले की माणूस उत्तीर्ण होतो. या अभ्यासाने सर्वांना समान शब्द मिळाले. पुण्यातला इंजिनिअर आणि लंडनमधला व्यवस्थापक एकमेकांचे म्हणणे पटकन समजू लागले, हा लाभ मोठा आहे. मात्र त्यातून कारण शोधण्याचा सराव होत नाही.

२००९ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे डेव्हऑप्स डेज ही परिषद झाली आणि सॉफ्टवेअर लिहिणारे व चालवणारे यांच्यातली भिंत हटवण्याचा विचार जोर धरू लागला. बिघाडानंतरच्या बैठकीत दोषी माणूस न शोधता व्यवस्थेतील उणीव शोधावी, हा आग्रहही याच प्रवाहातून रुजला. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या आयटिलच्या चौथ्या आवृत्तीने ३४ प्रॅक्टिस, म्हणजे कार्यपद्धती, मांडल्या आणि त्यांत मनुष्यबळ व कौशल्यविकासाला स्वतंत्र स्थान दिले.

आता पासवर्ड रीसेटसारखी तिकिटे स्वयंचलित होत चालली आहेत, म्हणजे ज्या पायरीवर उभे राहून नवी मुले यंत्रणा ओळखायला शिकत होती, तीच अरुंद होत आहे. म्हणून पहाटेच्या हँडओव्हरमध्ये ‘काय बंद केले’ याच्या जोडीला ‘काय पुन्हा आले’ हेही लिहून घ्यावे आणि त्यातला एखादा प्रॉब्लेम एल-वनच्याच माणसाकडे, वरच्या पायरीवरचा एक जण सोबत देऊन, शेवटपर्यंत सोपवावा, असा माझा आग्रह आहे.