सशुल्क परीक्षण व हितसंबंधांचे प्रकटन

सशुल्क परीक्षण व हितसंबंधांचे प्रकटन : एखादी वस्तू, सेवा किंवा उपकरण यांविषयी मत मांडणाऱ्या ब्लॉगलेखकाला त्या लेखनापोटी काही मिळाले असेल, तर ते वाचकाला स्पष्टपणे सांगण्याची रीत, व ती पाळली जावी यासाठी झालेले नियम. मोबदला म्हणजे केवळ रोख रक्कम नव्हे. फुकट आलेली वस्तू, सवलत, प्रवासखर्च, लेखातील लिंकवरून झालेल्या विक्रीवरचे कमिशन, कंपनीतील नोकरी किंवा मालकाशी असलेले नातेही त्यात येते. पैसे घेऊन परीक्षण लिहिणे बहुतेक ठिकाणी बेकायदा नाही. दोष लपवण्यात आहे.

संज्ञा : अमेरिकी नियमांत यासाठी ‘मटेरियल कनेक्शन’ असा शब्दप्रयोग आहे. ‘मटेरियल’चे भाषांतर ‘भौतिक’ असे केल्यास अर्थ पार बिघडतो. शिफारशीला वाचक किती वजन देईल यावर ज्याचा परिणाम होऊ शकतो असा संबंध, हा त्याचा आशय. प्रस्तुत नोंदीत ‘हितसंबंध’ हा शब्द वापरला आहे. लेखकाचे मत प्रत्यक्षात बदलले का, हे या व्याख्येत पाहिलेच जात नाही. ते कोणाला सिद्ध करता येत नाही आणि स्वतः लेखकालाही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून कसोटी वाचकाच्या बाजूने लावलेली आहे : हे कळले असते तर त्याने हे मत वेगळ्या नजरेने वाचले असते का?

उगम : या नियमांचा उगम कोठे धरावा याविषयी एकमत नाही. एक मत वृत्तपत्रांकडे बोट दाखवते. अमेरिकेत १९१२ मध्ये टपाल खात्याच्या खर्चाच्या कायद्यात एक कलम घालून, सवलतीच्या दराने टपालाने जाणाऱ्या नियतकालिकांवर पैसे घेऊन छापलेला मजकूर ‘जाहिरात’ अशा शब्दाने दाखवण्याची सक्ती झाली. प्रकाशकांनी त्याला मुद्रणस्वातंत्र्याच्या नावाने आव्हान दिले. १९१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले. दुसरे मत नभोवाणीचा धागा धरते. पैसे घेऊन प्रसारित केलेल्या कार्यक्रमात तसे सांगण्याचे बंधन १९२७ च्या रेडिओ कायद्यात आले होते. पुढे ध्वनिमुद्रिका वाजवण्यासाठी निवेदकांना गुपचूप पैसे दिले जात असल्याचे प्रकरण १९५९ च्या सुमारास गाजले आणि १९६० मध्ये, देणे किंवा घेणे लपवणाऱ्या व्यक्तीलाही शिक्षेची तरतूद झाली. तिसरे मत अनुचित व फसव्या व्यापारी प्रथांविरुद्धच्या सर्वसाधारण कायद्याला उगम मानते. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी नियामक संस्थेने शिफारशी व प्रशस्तिपत्रांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांचे वर्ष कोणी १९७५, तर कोणी १९८० देतात. ती दोन टप्प्यांत आल्याने दोन्ही नोंदी सकारण आहेत.

कायद्याची वंशावळ पाहिली तर तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण आजचे नियम शब्दशः त्याच तत्त्वांतून वाढले आहेत. तरीही पहिले मत बाजूला टाकता येत नाही. वृत्तपत्रात संपादक, लेखक आणि जाहिरात विभाग वेगळे असतात. पैसे एकाकडे येतात, मत दुसरा लिहितो. ब्लॉगलेखक हे तिन्ही एकटाच असतो. १९१२ चे बंधन प्रकाशकावर होते, १९८० पर्यंतच्या तत्त्वांचा रोख जाहिरातदारावर होता. एकाच टेबलावर बसून मत लिहिणारा आणि त्याचे पैसे घेणारा माणूस यांतल्या कोणाच्याही डोळ्यांसमोर नव्हता.

ही अडचण २००६ मध्ये उघड झाली. त्या वर्षीच्या मध्यास जाहिरातदार आणि ब्लॉगलेखक यांची गाठ घालून प्रत्येक लेखामागे पैसे देणारी ‘पे-पर-पोस्ट’ ही मध्यस्थ सेवा सुरू झाली. मोबदला मिळाल्याचे सांगणे सुरुवातीला लेखकावर बंधनकारक नव्हते. बरीच टीका झाल्यावर वर्षअखेरीस ते करण्यात आले. त्याच डिसेंबरात विंडोज व्हिस्टा ही नवी प्रणाली घातलेले महागडे लॅपटॉप काही ब्लॉगलेखकांना घरपोच मिळाले. ते वापरून पाहण्यासाठी दिले होते की कायमचे भेट होते, यावरच वाद पेटला. भेटवस्तू आणि परीक्षणासाठी दिलेला नमुना यांतली रेषा या प्रकरणाने ठळक केली. नमुना परत जाणार असेल तर परीक्षकाच्या हाती अनुभव उरतो. परत जाणार नसेल तर वस्तूच उरते.

फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २००९ मध्ये आपली तत्त्वे सुधारली आणि ब्लॉगलेखक प्रथमच उदाहरणादाखल त्यांत आला. ते उदाहरण असे : व्हिडिओ गेमचा जाणकार म्हणून नाव झालेला एक महाविद्यालयीन विद्यार्थी ब्लॉग लिहितो. एक कंपनी त्याला नवे खेळयंत्र फुकट पाठवून त्यावर लिहायला सांगते. तो अनुकूल परीक्षण लिहितो. यंत्र फुकट आले हे वाचकाला आपणहून कळण्याचा मार्ग नाही, म्हणून त्याने ते सांगितले पाहिजे. यावर ऑनलाइन जाहिरात व्यवसायाच्या संघटनेने जाहीर आक्षेप घेतला. वृत्तपत्रातील ग्रंथपरीक्षकालाही पुस्तक फुकटच येते, मग त्याला सूट आणि ब्लॉगलेखकाला बंधन का? कमिशनचे म्हणणे असे की, परीक्षणासाठी प्रती येतात हे वृत्तपत्राच्या वाचकाला ठाऊक असते आणि परीक्षक संस्थेचा पगारी माणूस असतो. हा युक्तिवाद पुरता समाधानकारक नाही. नुकसान झालेच तर ते वृत्तपत्राच्या परीक्षकाला जास्त सोडून दिल्याने होते. ब्लॉगलेखकाकडून केलेली अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.

अंमलबजावणी मात्र बराच काळ कंपन्यांपुरतीच राहिली. त्यातील लॉर्ड अँड टेलर या वस्त्रविक्रेत्या कंपनीचे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. मार्च २०१५ मध्ये फॅशनविषयक ५० प्रभावी व्यक्तींना तिने एकच झगा भेट दिला आणि एकाच ठरलेल्या आठवडाअखेरीस तो घालून इन्स्टाग्रामवर छायाचित्र टाकण्यासाठी प्रत्येकीला १,००० ते ४,००० डॉलर दिले. कंपनीचे नाव आणि ठरलेला हॅशटॅग लिहिण्याची अट करारात होती, मजकूर आधी कंपनीच्या नजरेखालून गेला होता. पैसे मिळाल्याचे सांगण्याची अट तेवढी नव्हती. ती छायाचित्रे १ कोटी १४ लाख वापरकर्त्यांपर्यंत गेली आणि झगा संपला. २०१६ मध्ये कंपनीने तडजोड केली. पन्नास जणींना एकाच आठवड्यात तोच झगा आपणहून आवडला, असे पाहणाऱ्याला वाटावे अशीच ही रचना होती. व्यक्तींविरुद्ध पहिली कारवाई २०१७ मध्ये दोघांवर झाली. त्या दोघांनी एका जुगारी संकेतस्थळाची भलामण केली होती, पण ते आपल्याच मालकीचे असल्याचे दडवले होते.

प्रकटन कोठे व कसे : बहुतेक चुका इथेच होतात. फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये सुधारलेल्या तत्त्वांनुसार प्रकटन नजरेतून सुटणे कठीण असले पाहिजे आणि सामान्य माणसाला सहज कळले पाहिजे. लेखाच्या तळाशी, ‘आमच्याविषयी’ या पानावर किंवा ‘आणखी वाचा’च्या मागे ठेवलेली ओळ पुरत नाही. लेखाच्या शेवटी ‘अमुक कंपनीचे आभार’ एवढेच लिहिण्याची सवय फार पसरलेली आहे. आभार कशाचे? चांगली वस्तू बनवल्याचे, की ती फुकट दिल्याचे? ‘ही वस्तू कंपनीने मला विनामूल्य दिली’ हे वाक्य तेवढेच छोटे आहे आणि शंकेला जागा ठेवत नाही. हॅशटॅगांच्या गर्दीत घातलेली आद्याक्षरे कमिशनने अपुरी ठरवली आहेत. लेखात विक्रीवर कमिशन मिळवून देणाऱ्या लिंक असतील तर ते पहिल्या लिंकच्या आधी सांगावे.

लिंकच्या संकेतात (कोडमध्ये) आणखी एक खूण असते. गूगलने २००५ मध्ये ‘नोफॉलो’ आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण आणली. पैसे घेऊन दिलेल्या लिंकला ती लावल्यास शोधयंत्र त्या लिंकला शिफारस समजत नाही. ही खूण यंत्रासाठी असते, वाचकाला ती दिसतही नाही. तिने प्रकटन होत नाही.

भारत : अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स कौन्सिल ऑफ इंडिया या स्वनियामक संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू झाली. जाहिरात असल्याची खूण मजकुराच्या पहिल्या दोन ओळींत दिसावी. १५ सेकंदांपर्यंतच्या चित्रफितीत ती किमान ३ सेकंद आणि दोन मिनिटांपर्यंतच्या चित्रफितीत एक तृतीयांश वेळ राहावी, असा हिशेब त्यांत आहे. कायद्याचा आधार ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ चा. त्याखालील केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण फसव्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते आणि शिफारस करणाऱ्याला एक वर्षापर्यंत, पुढे तीन वर्षांपर्यंत शिफारशींपासून रोखू शकते. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने काढलेल्या पुस्तिकेत एक महत्त्वाची अट आहे : शिफारस ज्या भाषेत, त्याच भाषेत प्रकटन. त्यामुळे मराठी लेखावर रोमन लिपीतली ‘ad’ ही दोन अक्षरे पुरेशी मानता येणार नाहीत. मराठीत ‘सहयोग’, ‘प्रायोजित’ आणि ‘जाहिरात’ असे तीन पर्याय संभवतात. ‘सहयोग’ या शब्दात पैशाची चाहूल लागत नाही, ‘प्रायोजित’ हा शब्द कार्यक्रमांमुळे ओळखीचा असला तरी सौम्य आहे. ‘जाहिरात’ हाच शब्द शाळकरी मुलालाही कळतो, तोच वापरणे इष्ट.

इतरत्र : युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशानुसार पैसे दिल्याचे स्पष्ट न करता संपादकीय मजकूर म्हणून छापून आणलेली जाहिरात कोणत्याही परिस्थितीत अनुचित ठरते. फ्रान्सने जून २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. जपानमध्ये छुप्या जाहिरातींवरील बंदी १ ऑक्टोबर २०२३ पासून आली; तेथे जबाबदारी जाहिरातदारावर आहे.

नैतिक मर्यादा : प्रकटन केले की लेखक मोकळा झाला, हा समज घातक आहे. न वापरलेल्या वस्तूचा अनुभव सांगणे हे मोबदला जाहीर केल्यानेही खरे होत नाही. भारतातील २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही शिफारस ही खऱ्या मतावर आणि पुरेशा माहितीवर वा अनुभवावर उभी असावी असे म्हटले आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमाने, ग्राहकांच्या अभिप्रायांपुरते, विशिष्ट सूर लावण्याच्या अटीवर मोबदला देण्यासच मनाई केली आहे. केन, लोवेनस्टाइन व मूर या संशोधकांच्या २००५ मधील प्रयोगांत, हितसंबंध जाहीर करणाऱ्या सल्लागारांनी न जाहीर करणाऱ्यांपेक्षा अधिक कललेला सल्ला दिला आणि ऐकणाऱ्यांनी तो पुरेसा वजा करून घेतला नाही. तो प्रयोग अंदाज बांधण्याच्या सल्ल्याचा होता, ब्लॉगचा नव्हे. तरी एवढे त्यातून घेता येते की मोबदल्याची ओळ लिहिताना परीक्षणातील दोषांचा परिच्छेद आखडता घेतला जात नाही ना, हे लेखकाने प्रत्येक वेळी स्वतः तपासावे. वस्तूचे दोष लिहिण्यास मनाई करणारा किंवा प्रसिद्धीपूर्वी मजकूर मंजूर करून घेण्याचा हक्क कंपनीला देणारा करार असेल, तर त्या लेखाला परीक्षण हे नाव न देता जाहिरात म्हणूनच प्रसिद्ध करावे.