ऑर (इंग्रजी उभयान्वयी अव्यय)

ऑर : इंग्रजी भाषेतील विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय. दोन वा अधिक शब्द, पदबंध किंवा वाक्ये पर्याय म्हणून शेजारीशेजारी मांडणे हे त्याचे मुख्य काम. मराठी शाळांत त्याचा अर्थ 'किंवा' असा एका शब्दात सांगून टाकतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. या एका शब्दाच्या जागी मराठी माणूस प्रसंग पाहून किंवा, की, नाहीतर, म्हणजेच असे निरनिराळे शब्द वापरतो; कधी तर काहीच वापरत नाही.

जुन्या इंग्रजीत या अर्थाचा 'ओथ्थे' असा शब्द होता. मध्ययुगीन इंग्रजीत त्याची जागा 'ऑदर' या रूपाने घेतली आणि ते झिजून 'ऑर' उरले. जर्मन भाषेतले 'ओडर' त्याच्याच नात्यातले. भरभर बोलताना इंग्रज माणूस या शब्दाचा जेमतेम 'अ' किंवा 'अर' एवढाच उच्चार करतो. आपल्याकडचा ठसठशीत 'ऑर' त्याला जोर देऊन म्हटल्यासारखा वाटतो.

प्रश्नात हा शब्द सर्वांत फसवा. 'वुड यू लाइक टी ऑर कॉफी?' या वाक्यात 'टी'वर आवाज चढला आणि 'कॉफी'वर उतरला, तर दोहोंपैकी कोणते ते सांगायचे असते. आवाज शेवटपर्यंत चढताच राहिला, तर काही गरम घेणार का, एवढेच विचारलेले असते आणि 'हो' हे उत्तर चालते. मराठीत हे काम आवाजावर सोडलेले नाही. 'चहा घेणार की कॉफी?' आणि 'चहा किंवा कॉफी घेणार का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, कागदावरही वेगळेच राहतात. इथे मराठी सरस, असे म्हणायला हरकत नाही.

नकारार्थी वाक्यात 'ऑर' दोन्ही गोष्टी नाकारतो. 'आय डोन्ट ड्रिंक टी ऑर कॉफी' म्हणजे चहाही नाही, कॉफीही नाही. 'अ किंवा ब' नाकारणे म्हणजे अ आणि ब दोन्ही नाकारणे, हा नियम तर्कशास्त्रात ऑगस्टस डी मॉर्गन या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. 1806 मध्ये त्यांचा जन्म आपल्याच देशात, मदुराईला झाला.

'हरी अप ऑर यू विल मिस द ट्रेन' यात पर्याय असे काही नसतेच; 'आवर, नाहीतर गाडी चुकेल' असा तो इशारा. नुसते 'ऑर एल्स' म्हणून थांबले की उघड धमकी होते, आपल्या 'नाहीतर बघ!' सारखी. 'रेबीज, ऑर हायड्रोफोबिया' मध्ये तो एकाच रोगाची दोन नावे जोडतो; मधला स्वल्पविराम गाळला की वाचणाऱ्याला रोग दोन वाटू शकतात. 'टू ऑर थ्री डेज'चे मराठी मात्र सरळ 'दोन-तीन दिवस', आणि 'टेन ऑर सो' म्हणजे 'दहाएक'.

'अ ऑर ब' म्हणताना दोन्ही चालतील का, हा वाद जुना आहे. लॅटिनमध्ये यासाठी 'वेल' (साधारणपणे 'दोन्हीही चालतील') आणि 'आउट' (साधारणपणे 'एकच') असे दोन शब्द आहेत. तर्कशास्त्रात आज वापरतात ते व्ही अक्षरासारखे चिन्ह 'वेल'वरून आले. इंग्रज गणितज्ञ जॉर्ज बूल यांनी 1854 च्या ग्रंथात परस्परांना वगळणारे पर्यायच गृहीत धरले होते. त्यांच्यानंतर तर्कशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी 'दोन्हीही चालतील' असा अर्थ स्वीकारला आणि तोच रूढ झाला. संगणकातले ऑर गेट (दोन संकेतांपैकी एक जरी चालू असला तरी 'चालू' असे उत्तर देणारे छोटे विद्युत मंडल) त्याच अर्थाने चालते. 'एकच, दोन्ही नाही' या अर्थासाठी तिथे एक्स-ऑर असे वेगळे गेट असते. त्याचा घरगुती नमुना म्हणजे जिन्यातला दिवा : खालचे आणि वरचे बटण एकाच बाजूला असेल तर दिवा बंद, वेगवेगळ्या बाजूंना असेल तर चालू, किंवा जोडणीनुसार याच्या उलट. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत दोन प्रश्नांच्या मधोमध छापलेला 'किंवा' याच जातीचा. दोन्ही सोडवले म्हणून दुप्पट गुण मिळत नाहीत.

कायद्याच्या भाषेत ही संदिग्धता महागात पडते. म्हणूनच भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ही कारणे देऊन पुढे 'ऑर एनी ऑफ देम' असे जोडले आहे, म्हणजे पळवाट उरू नये. जहाजी मालाच्या करारांतून पसरलेली 'अँड/ऑर' ही जोडगोळी 1855 मध्येच इंग्लंडच्या न्यायालयापुढे आली होती. तिथल्या न्यायव्यवस्थेचे तेव्हाचे प्रमुख, म्हणजे लॉर्ड चान्सलर, व्हायकाउंट सायमन यांनी 1944 च्या एका निकालात तिच्यावर कडक ताशेरे ओढले, पण करारनाम्यांतून ती काही हटली नाही.

अमेरिकेतील मेन राज्यात तर 'ऑर'च्या आधी नसलेल्या स्वल्पविरामावरून खटला झाला. जादा कामाच्या वाढीव मोबदल्यातून वगळलेल्या कामांची यादी तिथल्या कायद्यात 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' अशी संपत होती. हे एकच काम की दोन? एका डेअरीचे ट्रकचालक माल पोहोचवत, पण भरत नसत. त्यांचे म्हणणे, पाठवणीसाठी असो वा वितरणासाठी, वगळले आहे ते फक्त माल भरण्याचे काम. अपील न्यायालयाने मार्च 2017 मध्ये मजकूर संदिग्ध ठरवून कौल चालकांना दिला आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरांवर तडजोड झाली. दरम्यान विधिमंडळाने ती यादी नव्याने लिहून काढली. स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम आले.