पार्श्वभूमी : साडेबारा टक्क्यांच्या आधीची गोष्ट

कोपरखैरण्यात रिसेलचा फ्लॅट बघायला गेलात की एजंट कागदांचं बाड पुढे सरकवतो. त्यात एक त्रिपक्षीय करार असतो : सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ), मूळ भूखंडधारक आणि बिल्डर. मूळ भूखंडधारकाचं आडनाव बहुधा पाटील, म्हात्रे, ठाकूर नाहीतर भोईर. आमच्या इमारतीच्या करारात त्या नावापुढे सही नाही, अंगठा आहे. एजंटनं ते पान पटकन उलटलं. ‘साडेबाराचा प्लॉट आहे, टायटल क्लिअर,’ एवढंच म्हणाला. साडेबाराचा, म्हणजे घेतलेल्या शेतजमिनीच्या बदल्यात मूळ मालकाला वाटा म्हणून परत मिळालेला. नवी मुंबई वाढली कशी, हे समजून घ्यायचं तर त्या पानावर थोडं थांबावं लागतं.

मुंबई १९६१ साली साडेएकेचाळीस लाखांची होती, १९७१ पर्यंत ती साठ लाखांना टेकली. बेट निमुळतं, ऑफिसं दक्षिणेच्या टोकाला, घरं उत्तरेकडे सरकत चाललेली. सकाळी सगळी गर्दी खाली, संध्याकाळी सगळी वर. ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून मुख्य भूमीकडे वळा, असं बर्वे समितीनं पन्नाशीच्या दशकाअखेरीसच सुचवलं होतं. पुढे गाडगीळ समितीनंही उद्योग बाहेर न्यायला सांगितलं. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ मासिकात नकाशासकट मांडणी केली : उत्तरेकडे ताणू नका, पूर्वेला खाडी ओलांडा आणि सरकारी कचेऱ्या सोबत न्या. कचेऱ्या गेल्या की नोकऱ्या जातील, नोकऱ्यांमागून माणसं.

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतली ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि वीस लाख वस्तीचं स्वप्न. कचेऱ्या मात्र आल्या नाहीत. त्याच दशकात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून मनोरे उभे राहिले आणि मंत्रालय होतं तिथंच राहिलं. बेलापूरला कोकण भवन मिळालं. ज्या सरकारनं नवं शहर काढलं त्याच सरकारनं स्वतः तिकडे जायचं टाळलं, याचं मला अजून नवल वाटतं.

सरकार आलं नाही, पण कांदा-बटाटा आला. मुंबईतल्या दाटीवाटीच्या घाऊक बाजारातून १९८१ मध्ये कांदा-बटाट्याचे गाळे तुर्भ्याला हलले. पुढे बाकीचे घाऊक बाजारही आले, भाजी आणि फळं १९९६ च्या सुमारास. गाळ्यांबरोबर ट्रक आले आणि ट्रकांबरोबर पाठीवर गोण्या वाहणारे माथाडी, बहुतेक सातारा-सांगलीकडचे. कोपरखैरणे-घणसोलीत त्यांच्या वसाहती झाल्या. आजही गावच्या जत्रेचे दिवस आले की इथून पाटण, जावळीकडे गाड्या भरभरून निघतात. कारखान्यांची गोष्ट वेगळी. ठाण्याला १८५३ पासून रेल्वे, साठीच्या दशकात वागळे इस्टेट, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर एमआयडीसीचे रासायनिक कारखाने सिडकोच्या आधीपासून. म्हणजे नवं शहर मुंबईचं जुळं म्हणून आखलं गेलं, पण त्याला पहिली मजुरी मिळाली ती ठाण्याच्या बाजूनं.

तरीही वाशी बरीच वर्षं सुनीसुनीच होती. सत्तरच्या दशकात पूल झाला, पण पुलावरून बसनं रोज ये-जा करायची म्हणजे अर्धा जीव रस्त्यातच जायचा. खरं चाक फिरलं ते मे १९९२ मध्ये, मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाली तेव्हा. या रेल्वेच्या खर्चातला दोन तृतीयांश वाटा सिडकोनं उचलला, उरलेला रेल्वेनं. वाशी आणि बेलापूरची स्टेशनं बघा : खाली फलाट, वर ऑफिसं. नुसतं तिकीट विकून लोहमार्ग परवडत नाही, स्टेशनची जागाही विकावी लागते, हे तिथं सिमेंटमध्येच दिसतं.

हा पैसा आला कुठून? सरकारनं सुरुवातीला दिलेलं भांडवल चार कोटींच्या आतलं. बाकी सगळी भिस्त जमिनीवर. शेतजमीन संपादित करायची, रस्ते-गटारं-पाणी करायचं, भूखंड भाडेपट्ट्यानं द्यायचे आणि आलेल्या पैशातून पुढचा नोड, म्हणजे वाशी-बेलापूरसारखं पुढचं उपनगर, उभा करायचा. लोकल आली की भूखंडाचा भाव चढतो, भाव चढला की पुढचा रूळ टाकता येतो. हिशेब सुरेख आहे. फक्त त्यातली पहिली नोंद शेतकऱ्याच्या खात्यातली आहे आणि ती भातशेतीच्या भावानं झाली. खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळ्याच्या खाडीला तर सातबाराच नव्हता.

जमिनीच्या भावावरून असंतोष साचत गेला. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात दास्तान फाटा आणि नवघर इथं पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मरण पावले. विकसित जमिनीत मूळ मालकाचा वाटा हवा, हे तत्त्व त्या लढ्यानं रेटून नेलं आणि १९९० मध्ये साडेबारा टक्के योजना आली : घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. प्रत्यक्षात सार्वजनिक सोयींसाठी पावणेचार टक्के वजा होतात, हातात पडतात पावणेनऊ.

भूखंड मिळाला, पण त्यावर बांधायला पैसा कुणाकडे होता? म्हणून बिल्डर आला, ‘दोन फ्लॅट तुमचे, बाकी माझे’ असे सौदे झाले आणि आमच्यासारख्यांना घरं मिळाली. गावठाणाची हद्द मात्र वाढत्या कुटुंबांना पुरेना. मुलगा वेगळा झाला की शेजारी खोली, खोलीवर मजला. याच ‘गरजेपोटी’ बांधलेल्या घरांवरून आजतागायत नोटिसा आणि मोर्चे चालतात. पण माथाडी, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बायका यांना परवडणारी भाड्याची खोली मिळते ती बहुतेक तिथंच. आखलेल्या सेक्टरांचा गाडा त्या न आखलेल्या खोल्यांवर चालतो, हे कुठल्याही नकाशात दाखवलेलं नाही.

नवी मुंबई विमानतळाचं उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. तिथल्या गावांनी बराच काळ ताणून धरलं आणि या वेळी वाटा साडेबावीस टक्क्यांवर गेला. त्या गावांना भूखंड दिले गेले ते पुष्पकनगरात. तिथं आता एजंट ‘साडेबावीसचा प्लॉट आहे’ म्हणत तसंच बाड पुढे सरकवतात.