जुन्या घरगुती संगणकाला छोटा एलसीडी मॉनिटर जोडणे

१९८०च्या दशकातील, टीव्हीच्या अँटेना सॉकेटला जोडायच्या संगणकावर मोटारीच्या रिव्हर्स कॅमेऱ्यासोबत येणारा ४.३ ते ७ इंची एलसीडी मॉनिटर बसवण्याची पद्धत. ब्रिटिश झेडएक्स स्पेक्ट्रमची ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ ही परवानाधारक आवृत्ती डेसिबेल्स या कंपनीने १९८६मध्ये भारतात आणली; बीबीसी मायक्रो हा दुसरा ब्रिटिश संगणक १९८४च्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पातून भारतातल्या शाळांत पोहोचला. नाशिकमध्ये असे मॉनिटर कार ॲक्सेसरीजच्या दुकानांत मिळतात. चौकटीसाठी ३ मिमी ॲक्रिलिक सातपूर-अंबड भागात लेझरने कापून घेणे सोपे पडते.

स्पेक्ट्रममध्ये मॉड्युलेटरच्या (व्हिडिओला टीव्हीच्या चॅनलचे रूप देणाऱ्या भागाच्या) डब्यात दोन तारा जातात: एक ५ व्होल्टची, दुसरी व्हिडिओची. दोन्ही सोडवून घ्याव्यात, ५ व्होल्टच्या तारेचे टोक टेपने झाकावे, आणि सॉकेटच्या मधल्या टोकाला आतून जोडलेला रेझिस्टर कापावा. मग व्हिडिओची तार १०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टच्या कपॅसिटरमधून त्याच टोकाला जोडावी. कपॅसिटरची धन बाजू बोर्डाकडे. हा कपॅसिटर वगळला तरी काही मॉनिटर चालतात, काहींवर चित्र काळवंडते. बीबीसीला ही खटपट नाही: त्याच्या मागच्या बीएनसी या गोल व्हिडिओ सॉकेटवर कृष्णधवल व्हिडिओ तयार असतो, रंगासाठी बोर्डावरची एस-३९ जोडणी लावावी लागते.

खरा धोका वीजपुरवठ्यात आहे. मॉनिटरला १२ व्होल्ट लागतात आणि स्पेक्ट्रमच्या बोर्डावरही १२ व्होल्ट दिसतात, म्हणून तिथून तार ओढण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. ते १२ व्होल्ट टीआर-४ हा ट्रान्झिस्टर मुख्यतः ४११६ मेमरी चिपांसाठी तयार करतो. जास्त भार पडला की तो जळतो, त्याच परिपथातून येणारे उणे ५ व्होल्टही जातात आणि मागोमाग चिपाही खराब होऊ शकतात. बोर्डावरच्या, ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरवरही भार टाकू नये. तो आधीच तापतो, आणि नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर जास्तच. मॉनिटरसाठी १२ व्होल्ट, १ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर घ्यावा. स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या पिनमध्ये मधला भाग ऋण असतो, बाजारातल्या १२ व्होल्टच्या बहुतेक पिनांत धन. दोन्ही पिना सारख्याच दिसतात, म्हणून मॉनिटरच्या तारेला वेगळ्या आकाराचा जॅक लावावा.

चित्र आले पण रंग आला नाही, तर आधी मॉनिटरचा मेनू ‘पाल’ या टीव्ही-रंगपद्धतीवर आहे का ते पाहावे. स्पेक्ट्रमच्या इश्यू २ (दुसऱ्या आवृत्तीच्या) बोर्डावर रंगाचा ट्रिमर, म्हणजे जुळवणीचा छोटा स्क्रू, किंचित फिरवावा. जुना टीव्ही जी चूक खपवून घेई, ती एलसीडी खपवून घेत नाही. अक्षरे उलटी दिसली तर मिरर सेटिंग, आडव्या रंगीत रेषा दिसल्या तर पार्किंग गाइड (गाडी मागे घेताना दिसणाऱ्या रेषा) बंद करावे.

४.३ इंची मॉनिटर बहुधा ४८० × २७२ बिंदूंचा असतो. स्पेक्ट्रमच्या ३२ अक्षरांच्या ओळीला तो पुरतो. बीबीसीच्या ८० अक्षरी मोडला ६४० बिंदू लागतात. तिथे ८०० × ४८०चा ७ इंची मॉनिटर घ्यावा, तरीही कॉम्पोझिटवर (चित्र आणि रंग एकाच तारेतून नेणाऱ्या व्हिडिओवर) रंगीत अक्षरांच्या कडा पसरतात. तसे लिखाण कृष्णधवलमध्येच वाचावे.