वडा, टिक्की आणि ‘बर्गर’ : वडापावच्या साखळ्यांची पार्श्वभूमी

वडापावच्या साखळी दुकानांचा विषय निघाला की वाद दरापासून सुरू होतो आणि ‘गाडीवरची चव नाही’ यावर येऊन थांबतो. पंचवीस वर्षं हेच चालू आहे. पण या दुकानांनी जे बदललं ते चवीच्याही आधीचं आहे : वडा कुठे बनतो, खाण्याच्या किती दिवस आधी बनतो आणि त्याला काय म्हणायचं.

दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास वडा पावात घालून विकायला सुरुवात झाली, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पहिला मान कुणाचा यावर एकमत नाही, आणि साखळ्यांच्या संदर्भात त्याने फारसं काही बिघडत नाही. त्यापेक्षा १९८२ मोठं. त्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांना गिरणीचं दार पुन्हा उघडलंच नाही. एक स्टोव्ह, एक कढई, बेसन, बटाटे आणि बेकरीतून आणलेली लादी, एवढ्या भांडवलावर घर चालवता येतं हे लालबाग-परळने तेव्हा पाहिलं. वडापाव घरोघरीच्या रोजगाराचं साधन झाला तो असा. पुढे राजकारणानेही त्याला ‘मराठी माणसाचा धंदा’ म्हणून हाताशी धरलं. २००९ च्या सुमारास तर एका पक्षाने आपल्या नावाचा, एकाच पद्धतीने बनणारा वडा गाड्यांवर आणला. म्हणजे सगळीकडे एकच चव असावी ही ओढ फक्त कंपन्यांना होती असं नाही.

साखळ्यांची खरी सुरुवात मात्र १९९६ पासून धरावी लागते. त्या वर्षी अमेरिकी बर्गरची साखळी देशात आली. गोमांस नाही, डुकराचं मांस नाही, शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाकाची जागा वेगळी, आणि पुढे यादीत बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर. पावात बटाटा घालून तो काचेच्या दारामागे, वातानुकूलित खोलीत, छापील दराने विकता येतो हे मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्यातून दिसलं. ऑगस्ट २००१ मध्ये मालाड स्टेशनजवळ जम्बोकिंगचं पहिलं दुकान निघालं. सुरुवातीला चाटचे पदार्थही होते, पण खपला तो वडापाव, म्हणून तोच ठेवला. आकाराने नेहमीपेक्षा मोठा, कागदात नीट गुंडाळलेला, दर गाडीपेक्षा चढा. मांसाहार कधी ठेवला नाही. तीन वर्षांनी, २००४ मध्ये, कल्याणला गोली वडापावचं दुकान सुरू झालं.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचा सगळा वाद कल्याणच्या एका निर्णयातून निघाला आहे. पहिल्यांदा तिथेही वडे हातानेच वळले जात. एका दुकानापुरतं ते ठीक चालतं. दहा दुकानं झाली की हात बदलतो, आणि हात बदलला की वडा बदलतो. एकाच्या वड्यात मीठ जास्त, दुसऱ्याचं आवरण जाड, तिसऱ्याने सारण सकाळीच करून ठेवलेलं आणि दुपारपर्यंत ते आंबूस झालेलं. शिवाय किती किलो बटाट्यांचे किती वडे झाले आणि त्यातले किती विकले गेले, याचा हिशेब हाताच्या वड्याला लागत नाही. वाटा देऊन दुसऱ्याच्या हाती दुकान सोपवायचं तर हा हिशेब लागलाच पाहिजे.

मग उपाय निघाला तो तळोज्याच्या कारखान्यात. परदेशी बर्गरवाल्यांसाठी टिक्क्या बनवणारा पुरवठादार तिथे होताच, त्याच्याकडून वडा बनवून घ्यायचं ठरलं. बटाटे उकडून कुस्करायचे, मसाला यंत्राने मिसळायचा, ठरलेल्या वजनाचा गोळा साच्यात घालायचा, पिठाचं आवरण द्यायचं, अर्धवट तळायचं आणि लगेच गोठवायचं. उणे १८ अंशांवर तो महिनोन् महिने राहतो. दुकानात पोहोचला की थेट तेलात. दुकानातल्या मुलाला वडा करता यायची गरज उरली नाही, ठरलेली मिनिटं मोजता आली की झालं.

या निर्णयाकडे ‘आपल्या वड्याचा विश्वासघात’ म्हणून बघणारे खूप भेटतात. मला ते पूर्ण पटत नाही. मुंबईबाहेर भारनियमन रोजचं होतं त्या काळात फ्रीझरच्या भरवशावर गावोगाव दुकान काढणं हे मोठं धाडस होतं, आणि नाशिक-नागपूरपासून महाराष्ट्राबाहेरच्या शहरांपर्यंत साखळीचा वडापाव गेला तो या गोठवलेल्या वड्यामुळेच. ताजा वडा एका दिवसाच्या पलीकडे जाऊ शकत नाही. पण काय गमावलं हेही स्पष्ट बोललं पाहिजे. आलं-लसूण-मिरचीचा ठेचा आणि कोथिंबीर यांचा वास गोठवल्यावर मंदावतो. बर्फ झालेलं पाणी वितळताना बटाटा सोडून जातं आणि सारण थोडं रवाळ लागतं.

आणि चुरा जातो. गाडीवर उभं राहून एक घाणा नीट बघा. वडा पिठात बुडवून तेलात सोडताना बोटांवरचे थेंब मागोमाग कढईत पडतात, तडतडून वर येतात, आणि झाऱ्यावर वड्यासोबत निघतात. ते कुरकुरीत कण लाल चटणी लावलेल्या पावात वड्यावर पसरले जातात. कीर्ती कॉलेजजवळच्या वड्याला नाव मिळालं त्यात या चुऱ्याचा वाटा मोठा. साच्यातल्या वड्याचं आवरण एकसारखं असतं, त्याचे थेंब पडत नाहीत. चुरा हवा तर तो मुद्दाम वेगळा तळावा लागतो. हाताचं काम यंत्राकडे गेल्यावर काय नाहीसं होतं ते मला या चुऱ्यात दिसतं.

साच्याने आणखी एक गोष्ट बदलली : आकार. गाडीवरचा वडा गोल. तो पावात घातल्यावर अंगठ्याने दाबावा लागतो, तेव्हा कड फुटून आतला पिवळा बटाटा दिसतो. यंत्राला आणि डब्यात रचायला चपटा आकार सोयीचा. चपटा वडा सगळीकडून सारखा तळला जातो आणि पावाच्या मापात बसतो. पण बेसनाच्या आवरणातली चपटी बटाट्याची गोष्ट वडा म्हणायची की टिक्की? ‘वडा’ हा शब्द जुना, संस्कृत ‘वटक’ पर्यंत जाणारा, आणि त्यात उडदाच्या मेदूवड्यापासून कोकणातल्या कोंबडीबरोबरच्या वड्यापर्यंत सगळे आकार बसतात. म्हणून चपटा झाल्याने नाव सोडायचं कारण नव्हतं. तरीही आवरणाला पावाचे कण लागले, आत पालक, मका, शेझवान आलं, लादीऐवजी तीळ लावलेला गोल बन आला, आणि मालाडची साखळी स्वतःची ओळख ‘इंडियन बर्गर’ अशी करून देऊ लागली.

या नावाच्या बाजूने बोलणारे सांगतात की नव्या पिढीला बर्गर शब्द जवळचा वाटतो, त्याला दरही जास्त मिळतो, आणि ‘वडापाव’ म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या गाडीचा दर डोक्यात घेऊन येतं. धंद्याच्या दृष्टीने यात चूक नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. १९९६ मध्ये आलेल्या परदेशी साखळीने आपला बटाटा उचलला आणि त्याला बर्गर म्हटलं. वीस वर्षांनी आपल्याच माणसांनी वडापावालाही तेच नाव लावलं, तर पुढच्या मुलांना तो बर्गरची स्वस्त नक्कल वाटेल. तो तसा नाही. पाव गोव्या-वसईच्या वाटेने पोर्तुगिजांकडून आला, ‘बटाटा’ हा शब्दही त्यांचाच, पण तिखट लसणीच्या चटणीसह ही जोडणी मुंबईची आहे. नाव टिकवणं हे चवीइतकंच गरजेचं आहे असं मला मनापासून वाटतं.

शब्दांचा हाच गोंधळ आता ‘प्लांट-बेस्ड’च्या बाबतीत होतोय. महागड्या हॉटेलांत वाटाण्याच्या प्रथिनांपासून केलेल्या पॅटीला हे लेबल लागतं. लादीपाव मैदा, यीस्ट, मीठ, साखर आणि थोड्या तेलाचा, वडा बटाटा-बेसनाचा, चटणी सुक्या खोबऱ्याची. साधा वडापाव मुळातच पूर्ण वनस्पतीजन्य आहे. २०२२ मध्ये वीगन, म्हणजे दूधदुभतंही नसलेल्या पदार्थांसाठी देशात वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आलं, आणि हिरव्या ठिपक्याचा शाकाहार म्हणजे वीगन नव्हे हे कागदावर आलं. गंमत अशी की गाडीवरचा वडापाव त्या व्याख्येत सहज बसतो, तर साखळ्यांमधले चीज आणि बटर लावलेले प्रकार बसत नाहीत.

अलीकडच्या दोन घटनांनी गाडी आणि दुकान यांच्यातलं अंतर वाढवलं. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचे जीव गेले. त्यानंतर नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत हे पुन्हा बजावलं. लोकांच्या जिवाचा प्रश्न होता, त्यामुळे निर्णयाला विरोध करणं अवघड. पण वडापावची सगळी विक्रीच मुळी लोकल पकडायच्या आधीच्या दोन मिनिटांची. त्या १५० मीटरांत जो भाडं भरून गाळा घेऊ शकतो तोच उरतो, आणि साखळ्यांची दुकानं नेमकी तिथेच आहेत.

दुसरी घटना पावाची. जानेवारी २०२५ मध्ये लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या मुंबईतल्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश झाला. हवा सुधारायला हवी यात शंका नाही. भट्टी बदलायचा खर्च मात्र मोठा आहे आणि बऱ्याच बेकऱ्या जुन्या, लहान जागेत चालतात. साखळ्या आपला बन कारखान्यातून मागवू शकतात. पहाटे सायकलला लाद्या बांधून येणाऱ्या पाववाल्याची वाट बघावी लागते ती गाडीवाल्याला.