पंख आहेत, मग उडून जाईना का!

हवामानबदल आणि पक्षी हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. बेडकांचं, खेकड्यांचं समजू शकतो. पण पक्ष्याला तर पंख आहेत. गरम व्हायला लागलं तर जाईल उडून दुसरीकडे, त्यात एवढं काय? प्रश्न बिनतोड वाटतो. त्याचं उत्तर द्यायला मला अरुणाचल प्रदेशातला एक छोटासा पक्षी फार सोयीचा पडतो.

त्याचं नाव बुगुन लिओसिक्ला. पश्चिम कामेंग जिल्ह्यात, ईगलनेस्ट अभयारण्याच्या आसपासच्या डोंगरउतारावर तो राहतो. आकाराने बुलबुलाएवढा. अंगाचा रंग राखाडी-हिरवट, डोक्यावर काळी टोपी, डोळ्यांपुढे आणि मागे पिवळाधमक पट्टा, पंखांवर पिवळ्या-लाल-पांढऱ्या खुणा आणि शेपटीखाली लालभडक. आपल्याकडे अंगणात कलकलाट करत फिरणाऱ्या सातभाईंच्याच कुटुंबातला हा, पण सातभाई त्याच्यापुढे अगदीच मळकट दिसतील. पुण्यात खगोलशास्त्राचं काम करणाऱ्या रमणा आत्रेय यांना तो 1995 मध्ये पहिल्यांदा दिसला आणि 2006 मध्ये त्यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. भारतात पक्ष्याची अगदी नवी जात सापडायला अर्ध्या शतकाहून जास्त काळ जावा लागला होता.

नवी जात जाहीर करायची तर तिचा एक नमुना मारून, पेंढा भरून संग्रहालयात ठेवायचा, अशी जुनी रीत. त्या वेळी डोंगरावर दिसलेले पक्षी मोजून 14. आत्रेयांनी जाळ्यात सापडलेल्या पक्ष्याची मापं घेतली, फोटो काढले, गळालेली पिसं ठेवून घेतली आणि पक्षी सोडून दिला. यावर शास्त्रज्ञांत बरीच भवति न भवति झाली. माझ्या मते निर्णय योग्यच होता.

आता मूळ मुद्दा. हा पक्षी समुद्रसपाटीपासून साधारण 2060 ते 2340 मीटर उंचीवर आढळतो. म्हणजे डोंगराला कमरपट्टा बांधावा तशी 280 मीटर उंचीची एक पट्टी, आणि तीही एकाच भागातली. पूर्व हिमालयात असे पट्टीवाले पक्षी पुष्कळ आहेत. एक रेन-बॅबलर या उंचीवर, त्याचा चुलतभाऊ त्याच्या वर, तिसरा त्याहून वर. थंडीत त्यातले बरेच खाली उतरतात, पण घरटं करायला ज्याने त्याने आपापली पट्टी गाठायची, हा शिरस्ता. पट्टी ठरते ती तापमान, ओलावा, त्यावर अवलंबून असलेले किडे आणि शेजारच्या पट्टीतले प्रतिस्पर्धी यांवरून.

डोंगर चढताना दर हजार मीटरला हवा साधारण सहा अंशांनी गार होते, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. उलट्या बाजूने हिशेब करा. हवा एक अंशाने तापली तर पूर्वीचंच तापमान हवं असणाऱ्याला सुमारे 170 मीटर वर सरकावं लागेल. दोन अंशांना 340 मीटर. पक्ष्याला 340 मीटर म्हणजे काहीच नाही, पाच मिनिटांचं काम. इथवर आपला प्रश्नकर्ता जिंकलेला असतो.

पण वर जागा किती आहे? ईगलनेस्टचा डोंगर 3250 मीटरवर संपतो, म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तर जेवढं होईल जवळपास तेवढा. तो डोंगर आपण तूर्त शंकूच्या आकाराचा धरू. शंकूवरच्या पट्टीचं क्षेत्रफळ काढायची एक सोपी युक्ती आहे. पट्टीची जाडी तीच राहणार असेल, तर तिच्या खालच्या आणि वरच्या कडेचं शिखरापासूनचं अंतर मोजायचं आणि बेरीज करायची. क्षेत्रफळ या बेरजेच्या प्रमाणात असतं. (दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी, हे सूत्र आठवा, वजाबाकी इथे कायम 280 आहे.) आजच्या पट्टीची खालची कड शिखरापासून 1190 मीटर, वरची 910. बेरीज 2100. पट्टी 340 मीटर वर सरकवली की अंतरं 850 आणि 570, बेरीज 1420. म्हणजे दोन अंशांत जागा दोन तृतीयांश उरली. आणखी वर सरकवत शिखराला टेकवली की बेरीज नुसती 280. मूळ जागेच्या साडेसातव्या हिश्श्याएवढी. त्याच्याही वर पट्टीला जागाच नाही, पंख कितीही मजबूत असोत.

या आकड्यांत आणखी एक गोम आहे. खरा डोंगर शंकूसारखा गुळगुळीत नसतो, त्याला सोंडा आणि घळी असतात. पट्टी वर चढते तसे तिचे तुकडे पडतात, एकेका सोंडेवर एकेक टापू. पूर्वी जिथे एकच सलग वस्ती होती तिथे चार टापूंवर चार-चार जोड्या उरल्या, की एखादं वादळ किंवा अंडी चोरणाऱ्यांचा एखादा वाईट हंगामही एक टापू कायमचा रिकामा करू शकतो.

शंकूचं गृहीतक फार ताणू नये, हेही सांगायला हवं. 2015 मध्ये जगातल्या 182 पर्वतरांगांचे उतार मोजले गेले, तेव्हा वर जावं तशी जागा सतत आक्रसत जाणाऱ्या रांगा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी निघाल्या. काही रांगांत वर पुन्हा विस्तीर्ण पठारं लागतात. पण त्याचा ईगलनेस्टच्या पक्ष्याला उपयोग काय? मुख्य हिमालयाच्या उंच उतारांवर जायचं तर मध्ये टेंगा नदीचं खोरं उतरून पार करायला हवं, आणि दाट झुडुपांत राहणारे हे पक्षी उघड्यावरून लांब उडायला कमालीचे नाखूश असतात. पंख असणं आणि जाणं यांत हा फरक आहे. पेरूमधल्या पँतियाकोया डोंगरावर 1985 ची पक्षीगणना 2017 मध्ये पुन्हा केली, तेव्हा शिखराजवळच राहणाऱ्या काही जाती सापडल्याच नाहीत. तो डोंगर जेमतेम 1400 मीटरचा आहे.

हवा जागतिक पातळीवर तापते आहे, तिथे या पक्ष्याच्या शेजारी वसलेल्या सिंगचुंग गावाने काय करावं? इथे जंगलाचा खालचा थर कामाला येतो. घनदाट जंगलात दुपारचं कमाल तापमान बाहेरच्या उघड्या जागेपेक्षा बरंच कमी असतं. जगभरच्या मोजण्यांची सरासरी काढली तर सुमारे चार अंशांनी. आता वरचा हिशेब लावा. चार अंश म्हणजे जवळपास 700 मीटर उंची! झाडांचं छत्र विरळ झालं की त्यातला काही भाग गेला, म्हणजे पक्षी जागचा हललाही नाही आणि आपण त्याला दोन-तीनशे मीटर खाली ढकलून दिलं. झाडं तोडणं म्हणजे डोंगर बुटका करणं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले उमेश श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी 2011 पासून ईगलनेस्टमध्ये पक्षी मिस्ट नेटमध्ये (सहज न दिसणाऱ्या बारीक जाळीत) धरून, पायात क्रमांकाची कडी घालून सोडतात आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा जाळी लावतात. कडी घातलेले कोण परत सापडले यावरून तगण्याचं प्रमाण काढतात. पूर्वी तोड झालेल्या जंगलात कीटकभक्षी पक्ष्यांचं तगणं अवघड होत चाललंय, मूळ जंगलात तेवढं नाही, असं चित्र त्यांना दिसलं आहे.

म्हणूनच 'एक दिवस, एक कोटी रोपं' छापाच्या मोहिमा पाहिल्या की माझं डोकं फिरतं. रांगेत लावलेल्या रोपांखाली शेवाळ, ओली पानगळ, बांबूची गर्दी आणि त्यात वळवळणारे किडे यातलं काहीही पाच-दहा वर्षांत तयार होत नाही. उभं जंगल राखणं कितीतरी स्वस्त पडतं, फक्त त्याचा फोटो पेपरात येत नाही.

एक गोची मात्र आहे. खुद्द बुगुन लिओसिक्ला घनदाट जंगलाचा पक्षी नाही. तो जंगलाच्या कडेची, थोडी मोडलेली, झुडुपांनी आणि लहान झाडांनी भरलेली उतरण पसंत करतो. त्यामुळे छत्राचा नियम त्याला जसाच्या तसा लावता येत नाही; ही झुडुपं साफ होणं त्याला जास्त महागात पडेल. रस्ता रुंद करायला, शेताला, लाकडाला आधी हीच जागा जाते, कारण ती कोणाला 'जंगल' वाटतच नाही.

ही जमीन अभयारण्याच्या बाहेर, बुगुन लोकांच्या सामूहिक मालकीची. त्यांच्याच जमातीवरून पक्ष्याचं नाव ठेवलं गेलं. 2017 मध्ये त्यांनी आपल्या जंगलातले 17 चौरस किलोमीटर 'सिंगचुंग बुगुन ग्राम सामुदायिक राखीव क्षेत्र' म्हणून जाहीर करून घेतले. गस्त गावातलीच पोरं घालतात. शेजारचं अभयारण्य 218 चौरस किलोमीटरचं, त्यापुढे 17 म्हणजे काहीच नाही, पण पक्ष्याची पट्टी नेमकी इथे आहे. वरच्या उताराशी सलगता राखणारा तुकडाही हाच. वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने सामुदायिक राखीव क्षेत्राची सोय झाली. मालकी लोकांकडेच राहते. माझ्या दृष्टीने पक्ष्याच्या शोधाइतकीच ही गोष्ट महत्त्वाची आहे, पण बातम्या शोधाच्याच झाल्या.

पक्षी पाहायला येणाऱ्यांच्या पैशातला वाटा गावाला मिळतो, म्हणून जायला हरकत नाही. फक्त मोबाइलवर कॉल वाजवून त्याला झुडुपातून बाहेर खेचू नका. विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो घरटं सोडून भांडायला धावतो, आणि तेवढ्या वेळात अंडी उघडी पडतात. गावातला वाटाड्या बरोबर घेतला तर त्याला शीळ कुठून येते हे तसंही माहीत असतं.