गव्हटेक

सार्वजनिक सेवांसाठी शासकीय यंत्रणा आणि स्टार्टअप यांनी मिळून डिजिटल उपाय घडवणे, ते वापरून पाहणे आणि पुढे चालते ठेवणे, या साऱ्या व्यवहाराला गव्हटेक म्हणतात. कार्यालयात संगणक बसवून कागदी अर्ज पडद्यावर आणणे हा ई-प्रशासनाचा आधीचा टप्पा. गव्हटेकचा रोख बाहेरची नवी कल्पना सरकारच्या दारातून आत कशी येईल, यावर असतो.

हे दार अरुंद होते ते निविदेच्या अटींमुळे. गेल्या काही वर्षांची उलाढाल, अनामत रक्कम आणि तशाच कामाचा दाखला. काम नवेच असेल तर दाखला आणायचा कुठून? साहजिकच कामे मोठ्या, मुरलेल्या कंत्राटदारांकडे जातात. तेही बिनधोक नसते. अमेरिकेचे हेल्थकेअर डॉट गव्ह हे आरोग्यविमा संकेतस्थळ ऑक्टोबर २०१३मध्ये सुरू झाले, तेव्हा पहिल्या दिवशी जेमतेम सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. त्या फजितीनंतर २०१४मध्ये तिथे ‘यूएस डिजिटल सर्व्हिस’ ही डिजिटल सेवा सुधारणारी सरकारचीच तंत्रज्ञांची तुकडी स्थापन झाली.

गव्हटेक कार्यक्रम निविदेची रीत उलटी करतात. सरकारी खाते उपायाचा तपशील लिहून देत नाही, फक्त आपली अडचण मांडते. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१४मध्ये निवडक स्टार्टअपना १६ आठवडे थेट शहराच्या विभागांसोबत कामाला बसवले. स्कॉटलंडचा ‘सिव्हटेक’ २०१६पासून आणि लिथुएनियाची ‘गव्हटेक लॅब’ २०१९पासून अशाच वाटेने जातात. अर्ज कुठे अडतो हे खिडकीवरच्या कारकुनाला सल्लागारापेक्षा नेमके ठाऊक असते. म्हणून त्याला चर्चेत बसवणारे कार्यक्रम निम्मी लढाई तिथेच जिंकतात.

खरी गळती प्रयोगानंतर होते. चाचणी यशस्वी ठरते, छायाचित्रे निघतात, पण नियमित खरेदीसाठी पुन्हा निविदा काढावी लागते आणि तिथे जुन्या अटी आडव्या येतात. मध्येच अधिकाऱ्याची बदली झाली, तर प्रकल्पाला वाली उरत नाही. देयक लांबले की मोठी कंपनी तग धरते, लहान बुडते. युरोपीय संघाच्या २०१४च्या खरेदी-निर्देशातील ‘नवोपक्रम भागीदारी’ ही तरतूद यावरच बेतलेली आहे: विकसन आणि नंतरची खरेदी एकाच करारात बसवता येते.

जाणकार खाती करारातच आणखी एक कलम घालतात: पुरवठादार बदलला किंवा बंद पडला, तरी नागरिकांची सर्व माहिती दुसऱ्या प्रणालीतही वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात खात्याच्या हाती परत यावी.